विहिरीच्या पाण्यातील क्षार कसे ओळखतात?

नागपूरच्या लकडगंजातील विहिरीचे पाणी असो, की अकोल्याकडील एखाद्या मळ्याचे. डोळ्यांना ते निर्मळच दिसते. परंतु थोडे पाणी काचेच्या बशीत घेऊन आटविल्यास तळाशी पांढुरका थर उरतो. पावसाचे पाणी खडकांतून व मातीतून झिरपताना तेथील क्षार विरघळवून घेते. तेच हे क्षार होत.

पाण्यात विरघळलेल्या क्षाराचे विद्युत्भारित कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. मिठापासून सोडियम व क्लोराइड हे आयन मिळतात. ते दिसत नसल्यामुळे रसायनज्ञ त्यांच्या खुणा शोधतो. पाण्यात थोडे विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यास दह्यासारखा पांढरा साका येतो. ही क्लोराइडची खूण. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडने पांढरा साका आल्यास सल्फेट आहे असे समजावे. अमोनियम ऑक्झॅलेटने कॅल्शियम खाली बसतो. सोडियमचे क्षार बहुधा सर्वच विरघळणारे असल्याने तो ज्योतीवर ओळखतात; त्याच्यामुळे ज्योत पिवळीधमक होते. त्या पिवळ्या प्रकाशाची तीव्रता यंत्राने मोजून सोडियमचे प्रमाणही काढता येते.

या परीक्षेचे महत्त्व पूर्णा नदीच्या खोऱ्यात विशेष पटते. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात पुष्कळ विहिरींचे पाणी खारट आहे. कॅल्शियम काळ्या मातीचे कण एकत्र बांधून ठेवतो. सोडियम वाढला म्हणजे ते कण फुगून सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. एखाद्या हंगामाच्या पिकासाठी पिढ्यांची जमीन अशा रीतीने गमावू नये. चोपण जमिनीस जिप्सम दिल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र निघालेला सोडियम वाहून जाण्यास चांगला निचरा हवा.

एकूण क्षारांचा अंदाज पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून येतो. ती दर मीटरला २.२५ डेसिसिमेन्सहून अधिक असल्यास असे पाणी साधारणतः ओलितास धोक्याचे मानतात.

नमुना घेण्यापूर्वी पंप काही वेळ चालू ठेवावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी व सुमारे एक लिटर पाणी भरावे. औषधाची बाटली वापरू नये. शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक व तारीख लिहून नमुना विनाविलंब प्रयोगशाळेत पोचवावा. नवी विहीर लागताच, बाग लावण्यापूर्वी, ही परीक्षा अवश्य करून घ्यावी.