नळीतले मीठ

शिकारी रायफलीची नळी आतून का गंजते, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांनी ठरवूनच टाकले होते: बिनधुराच्या दारूचा आम्लधर्मी अवशेष. नायट्रोसेल्युलोज बनवायला नायट्रिक आम्ल लागते, मग ते जळल्यावर मागे आम्लच उरणार, असा तो तर्क. ऐकायला सरळ. त्यावर तेले, द्रावके आणि अमोनियाच्या बाटल्या यांचा सगळा व्यापार उभा राहिला. अडचण एवढीच, की चिंदी पांढरी निघेपर्यंत नळी पुसली, वर तेलाचा हात दिला, तरी काही दिवसांनी आतून निघणारी चिंदी तांबूस असे. रायफलीची निगा हा आधी पाण्याचा आणि मग तेलाचा विषय आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते पटायला दारूकडे नव्हे, काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीकडे पाहावे लागते.

फायरिंग पिन आदळली की टोपीतले चिमूटभर मिश्रण पेटते आणि त्याची ज्योत दारूपर्यंत पोचते. अमेरिकेच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात पहिल्या महायुद्धापासून वापरात असलेल्या एका मिश्रणात ५३ टक्के पोटॅशियम क्लोरेट असे. ऑक्सिजन पुरवणे हे त्याचे काम. ऑक्सिजन निघून गेला की उरते पोटॅशियम क्लोराइड, १०० ग्रॅम क्लोरेटमागे सुमारे ६१ ग्रॅम. गोळीमागून धावणाऱ्या तप्त वायूंबरोबर हा क्षार नळीभर पसरतो आणि आट्यांच्या कोपऱ्यांत बसतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच मग इथे घडते. शुद्ध सोडियम क्लोराइडला २५ अंश सेल्सियसला ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत पाणी सुटते, पोटॅशियम क्लोराइडला ८४ टक्क्यांच्या आसपास. तयार झालेल्या खारट थेंबातले क्लोराइड आयन पोलादावरचा ऑक्साइडचा पातळ थर जागोजागी फोडतात. गंज सरसकट पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. खड्ड्याच्या तळाशी द्रावण आम्लधर्मी होत जाते, आणखी क्लोराइड आत ओढले जाते, आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करतो. क्षार तेलात विरघळत नाही. वरून दिलेले तेल त्याला झाकते, हलवत नाही. आणि तेलाच्या पातळ थरातून ओलावा व ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतातच. अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा विषयच तेलाच्या थराखाली होणारा गंज हा होता. नळी गंजते ती टोपीतून आलेल्या क्लोराइडमुळे, दारूच्या अवशेषामुळे नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष.

यावर एक रास्त शंका येते. क्लोरेटच्या टोप्या तर काळ्या दारूच्या जमान्यातही होत्या. मग गंजाची ओरड बिनधुराच्या दारूनंतरच का झाली? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात रंजक भाग हाच वाटतो. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. त्या राड्यात टोपीतला क्षार किरकोळ ठरे, आणि घाण इतकी दिसे की बंदूक गरम पाण्याने धुतल्याशिवाय कोणी ठेवतच नसे. त्या धुण्यात क्षारही आपोआप वाहून जाई. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू साधली, १८८६ मध्ये लेबेल रायफल आली, पाठोपाठ ब्रिटिशांचे कॉर्डाइट. नळी आता स्वच्छ दिसू लागली, म्हणून पाणी बंद झाले. उघड्या पोलादावर एकटा क्षार उरला आणि दोष नव्या दारूच्या माथी बसला. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारलेल्या, क्लोरेट नसलेल्या टोप्या आल्या. दारू तीच राहिली, टोपी बदलली आणि गंजाची तक्रार ओसरली. वादाचा निकाल लावायला याहून चांगला प्रयोग मुद्दाम मांडूनही जमला नसता.

पोलादावर पाणी ओतायचे म्हणजे गंजाला आमंत्रणच, ही दुसरी शंका. पाणी नळीत राहू दिले तर ती खरी आहे. ब्रिटिश सैन्यात .३०३ रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत, त्यामागे दुहेरी हिशेब होता: क्षार झटपट विरघळतो, आणि तापलेली नळी उरलेला ओलावा स्वतःच उडवून टाकते. मग पुलथ्रूच्या दोरीला कोरडी चिंदी लावून ती ओढायची आणि शेवटी तेल. कोरड्या, क्षारमुक्त पोलादावर तेल आपले काम चोख करते. अमोनिया क्षाराचा प्रभाव मारतो, असेही सांगितले जाते. पण पोटॅशियम क्लोराइड आम्ल नव्हेच, तेव्हा मारायचे काय? अमोनिया गोळीचे नळीला चिकटलेले तांबे सोडवतो, त्यासाठी तो उत्तम. क्षार जातो तो त्या बाटलीतल्या पाण्याने. नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला की ती बरीच वाचते, हे मात्र खरे.

आजच्या कारखानी काडतुसांत क्लोरेट सहसा नसते, मग हा खटाटोप कशाला? नव्या काडतुसांपुरता हा आक्षेप मी मान्य करतो. उलट तिथे अतिस्वच्छतेचाच धोका जास्त: तोंडाच्या बाजूने पुन्हा पुन्हा घातलेली सळई तिथली कड झिजवते, आणि गोळी सुटतानाचा शेवटचा स्पर्श त्या कडेचा असल्याने नेम बिघडतो. जुनी लष्करी काडतुसे वापरणाऱ्याला मात्र पाण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली, तरी ठासणीच्या बंदुका संपलेल्या नाहीत. शेतसंरक्षणासाठी त्यांचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. कोकणात जुलै-ऑगस्टची हवा ८४ टक्क्यांच्या आसपास किंवा वर बराच काळ असते, म्हणजे क्षाराला हवा तेवढा ओलावा फुकट. ठासणीच्या बंदुकीत टोपी नळीबाहेर, निपलवर फुटते. त्यामुळे नुसती नळी धुऊन भागत नाही. निपल काढून तिचे बारीक छिद्र आणि आटेही गरम पाण्याने धुवावे लागतात, आणि तेल त्यानंतर.