काक्षीचें मंदावणें

हिवाळ्यांत रात्रीं गच्चीवर गेल्यास मृगाच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यांत एक तांबूस तारा सहज नजरेंत भरतो. हाच काक्षी, आपल्या आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून पुष्कळ अभ्यासक ह्यालाच ओळखतात. २०१९ च्या अखेरीस तो निस्तेज होऊं लागला, व फेब्रुवारी २०२० मध्यें त्याचें तेज नेहमींच्या सुमारें तिसऱ्या हिश्शावर आलें. आतां ह्याचा स्फोट होणार, अशी आवई जगभर उठली. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ववत् झाला आणि आवई विरली; परंतु तो मंदावला कां, हा प्रश्न आम्हांस त्या आवईहून फार मोलाचा वाटतो.

काक्षीचें तेज कमीजास्त होतें हें जॉन हर्शेल ह्यानें १८३६ सालींच हेरलें होतें. हा महाराक्षसी तारा म्हातारपणीं फुगलेला आहे. सूर्याच्या जागीं तो ठेवला तर बुधापासून मंगळापर्यंतचे सर्व ग्रह त्याच्या पोटांत जातील. वजन मात्र सूर्याच्या वीस पटींच्या आंतबाहेरच. अर्थात् पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणाची पकड फार ढिली. बाहेरचा थर दाबला गेला कीं त्यांतील हायड्रोजन आंतून येणारी उष्णता अडवून धरतो. ती सांचली कीं थर वर ढकलला जातो, आणि ती निसटली कीं पुनः खालीं बसतो. भाताच्या तपेल्यावरील झाकण वाफेनें उचलून पडावें, तसेंच हें. अशा एका फेऱ्यास सुमारें चारशें दिवस लागतात.

ह्याखेरीज आंतील तप्त वायु उकळीप्रमाणें वर येतो व निवून खालीं जातो. सूर्यावर असे बुडबुडे एका वेळीं लाखों असतात, म्हणून एखादा निवाला तर कोणास कळतही नाहीं. काक्षीवर ते मोजकेच, पण अवाढव्य असतात. पिठलें रटरटतांना मोठे बुडबुडे येतात, त्याची येथें आठवण होईल. मात्र पिठलें दाट, आणि काक्षीचा बाहेरचा थर आपल्या हवेहूनही कितीतरी विरळ!

२०१९ सालीं ह्याच खळबळींतून वायूचा एक प्रचंड लोट बाहेर फेंकला गेला, असें हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दिसतें. चिली देशांतील मोठ्या दुर्बिणीनें डिसेंबरांत घेतलेल्या चित्रांत ताऱ्याचा दक्षिण भाग काळवंडलेला होता. तेथील पृष्ठभाग निवला, आणि बाहेर पडलेला वायु थंड होऊन त्याची धूळ बनली. त्या धुळीचा पडदा नेमका आपल्या बाजूस आला. हा उलगडा २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. स्फोट होईल तो कदाचित् लाखभर वर्षांनीं, आणि पांचशेंहून अधिक प्रकाशवर्षांवरून पृथ्वीस त्याची झळ लागणार नाहीं.

ह्या धक्क्यानें ताऱ्याचा चारशें दिवसांचा ठेका मात्र चुकला. पुढें सुमारें निम्म्या मुदतीचे हेलकावे दिसूं लागले. घरांतील मुलांना ते पाहण्यास दुर्बीण नको. शेजारची रोहिणीही तांबूसच आहे. दर पंधरा दिवसांनीं काक्षीचें तेज तिच्याशीं ताडून वहींत टिपावें. २०२० च्या फेब्रुवारींत तो रोहिणीहूनही फिका पडला होता.