परोपजीवीची प्रथिने, कुत्र्याचे रक्त आणि चाचणीची पट्टी

ताळेबंद व रुग्णसेवेच्या आकडेवारीसोबत एखाद्या रोगाविषयी सविस्तर माहिती द्यावी, असा आमच्या अहवालाचा प्रघात आहे. यंदा आम्ही काळ्या आजाराचा विषय घेतला आहे. अमडापूरच काय, महाराष्ट्रातही या रोगाचे कायमचे ठाणे नाही. तो बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांतील रोग. तरीही त्याची निवड करण्यास कारण आहे. रक्ताच्या अहवालात प्रतिपिंडे आढळली की नातेवाईक दोन टोकांचे अर्थ लावतात. कोणी म्हणतो, रोग झालाच. कोणी म्हणतो, शरीरात शक्ती तयार झाली, आता भीती नाही. काळ्या आजाराच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष फसवे ठरू शकतात. ते का, याचे उत्तर शास्त्रज्ञांना मोठ्या प्रमाणात मिळाले ते कुत्र्यांच्या अभ्यासातून.

हा रोग लिशमॅनिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो व सँडफ्लाय, म्हणजेच वालुमाशी, चावल्याने पसरतो. ही माशी डासापेक्षा कितीतरी लहान असून मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यातील ओलसर मातीत वाढते. विदर्भाला ती अपरिचित नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांत पुण्याच्या शास्त्रज्ञांना जो विषाणू सापडला व गावाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, त्याचा प्रसारही वालुमाशीच करते.

भारतात काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो. त्यात कुत्र्याला महत्त्वाचा दुवा मानले जात नाही. (गावातील कुत्र्यांची धास्ती घ्यायची ती रेबीजसाठी, चावा घेतल्यास जखम साबणपाण्याने धुऊन लगेच लस घ्यावी, हे येथे पुन्हा नमूद करतो.) भूमध्य समुद्राभोवतीचे देश व ब्राझील येथे मात्र याच वंशातील दुसऱ्या जातीचा परोपजीवी कुत्र्यांत राहतो व तेथून माणसांत येतो. तेथील पशुवैद्यांना एक कोडे पडले होते. एकाच गावात, त्याच माशा चावलेल्या कुत्र्यांपैकी काही वर्षानुवर्षे धडधाकट राहत, तर काहींचे केस झडत, नखे वेडीवाकडी वाढत, नाकातून रक्त येई व अंगावरील मांस उतरून ती मरत. रक्त तपासता आढळले ते अपेक्षेच्या उलट होते. प्रतिपिंडे सर्वाधिक होती ती मरणाऱ्या कुत्र्यांत. धडधाकट कुत्र्यांत ती अल्प किंवा नव्हतीच.

याचे कारण परोपजीवीच्या वास्तव्यात आहे. तो रक्तात मोकळा फिरत नाही. जंतू गिळून नष्ट करणे हे ज्या भक्षक पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो घर करतो. प्रतिपिंडे पेशीच्या आत पोहोचत नाहीत; उलट प्रतिपिंडे चिकटलेला परोपजीवी भक्षक पेशी अधिक सहज गिळते, म्हणजे त्याला घर आयतेच मिळते. त्याला मारण्यास टी पेशी लागतात. त्या इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य सोडतात, त्यामुळे भक्षक पेशी जागी होते व नायट्रिक ऑक्साइड तयार करून आतल्या शत्रूचा नाश करते. ज्या कुत्र्यांत ही यंत्रणा जोमाने चालते ती तगतात. ज्यांच्यात ती लुळी पडते त्यांच्या शरीरात निरुपयोगी प्रतिपिंडांचा पूर येतो. ती परोपजीवीच्या प्रथिनांशी जुळून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळणीत अडकतात आणि गाळणी निकामी करतात. अशा कुत्र्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण मूत्रपिंडाचा विकार हेच आहे. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे तर प्रतिपिंडे ही खर्चाची नोंद आहे. तिला शिल्लक समजू नये.

पण खर्चाची नोंदही उपयोगी असते. प्रतिपिंडे ज्या प्रथिनांविरुद्ध जोमाने तयार होतात, त्यांपैकी कित्येक परोपजीवीच्या अंतर्भागातील असतात व तो मेल्यावर बाहेर सांडतात. पेशीच्या आत मालवाहतूक करणाऱ्या किनेसिन प्रथिनाशी नाते सांगणारे असेच एक प्रथिन आहे. त्यातील ३९ अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. १९९३ साली ब्राझीलमधील जातीच्या परोपजीवीतून तो वेगळा करून जाहीर झाला आणि त्यावरून आरके-३९ ही चाचणीपट्टी तयार झाली. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी ही पट्टी भारताच्या काळा आजार निर्मूलन कार्यक्रमाचा कणा ठरली. प्लीहेत सुई घालून नमुना काढण्याचे जोखमीचे काम त्यामुळे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत टळले.

कुत्र्यांसाठी लसीही निघाल्या. त्यांचा भर प्रतिपिंडांपेक्षा टी पेशी जागविण्यावर होता. त्यातून नवी अडचण उभी राहिली: लस टोचलेला कुत्रा आणि रोग जडलेला कुत्रा काही चाचण्यांत सारखेच दिसू लागले. ब्राझीलमध्ये प्रतिपिंडे आढळलेली कुत्री मारण्याचे धोरण अनेक वर्षे होते, त्यामुळे हा गोंधळ जिवावर बेतणारा होता. युरोपात २०१६ साली मान्यता मिळालेल्या एका लसीत म्हणूनच चार प्रथिनांचे निवडक पाच तुकडे जोडून एकच प्रथिन बनविले आहे, आणि नेहमीच्या चाचण्यांत ते अडथळा आणत नाही. माणसासाठी मात्र या रोगाची मान्यताप्राप्त लस अद्याप नाही.

आता रुग्णाकडे वळू. काळ्या आजारातून पूर्ण बरे झालेल्या माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. पूर्वी हा रोग होऊन गेलेला मजूर साध्या तापाने आला तरी पट्टीवर रेघ उमटेल आणि तिच्यावरून औषध सुरू केले तर ते विनाकारण असेल. म्हणून सरकारी नियम असा आहे: दोन आठवड्यांहून अधिक ताप, वाढलेली प्लीहा, रोगग्रस्त भागातील वास्तव्य आणि पूर्वी हा रोग झालेला नसणे, या गोष्टी जुळल्या तरच पट्टीच्या उत्तरावर विसंबावे. पूर्वी रोग झाला असल्यास अस्थिमज्जा किंवा प्लीहेच्या नमुन्यात प्रत्यक्ष परोपजीवी शोधावा लागतो.

बिहार वा झारखंडकडून वीटभट्टी, रस्ते व बांधकामावर आलेल्या कामगारांच्या मुकादमांना आमची विनंती आहे, की लांबलेल्या तापाचा रुग्ण आणताना त्याचे मूळ गाव कोणते, काळ्या आजाराची सुई पूर्वी घेतली होती काय, व त्यानंतर अंगावर फिकट चट्टे उठले काय, एवढे केसपेपर काढतानाच सांगावे. उपचाराचे जुने कागद असतील तर तेही सोबत आणावेत.