कमरेचा काच, काचेवरचे निदान

सत्तरीच्या आसपासच्या दोन स्त्रिया. दोघींच्या कमरेला जखम झालेली. एकीची दीड वर्षापासून भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षांपासून. एकीने परकराचा नाडा वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधला होता. दुसरी चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे नेसत आली होती. जखमांचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दोघींनाही त्वचेचा कर्करोग असल्याचे कळले. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधल्या मधुबनी येथील डॉक्टरांनी ही हकिगत नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हणून तिची बातमी जगभर झाली.

बातमीत साडी ठळक राहिली, निदान कसे झाले ते मात्र मागे पडले. अकोल्यात जठारपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात लुगडे नेसलेली आजी अशीच जखम घेऊन आली, तर तिचा आजार वेळेत ओळखला जाईल का? हे केवळ महागड्या यंत्रावर ठरत नाही. तुकडा कुठून घेतला, त्यासोबत काय लिहून पाठवले आणि भिंगाखाली पाहणाऱ्याची नजर किती तयार आहे, या तीन गोष्टींवर ते ठरते. यातली तिसरी गोष्ट पदवीबरोबर मिळून संपत नाही, ती आयुष्यभर घडवावी लागते. डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा, म्हणजे ‘सीएमई’चा, खरा उद्देश तोच आहे.

धोतरापासून लुगड्यापर्यंत

कमरेच्या काचातून होणारा कर्करोग नवा नाही. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करत होते. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहून आपल्याकडच्या सवयींशी निगडित कर्करोगांचे तीन प्रकार मांडले. त्यांत धोतराच्या गाठीजागी होणारा कर्करोग होता. पेटता चुट्टा उलटा तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोगही होता. त्याहीआधी, १८६६ मध्ये, काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. जे. एल्मस्ली या डॉक्टरांनी कांगडीच्या, म्हणजे कपड्यांखाली पोटाशी धरायच्या शेगडीच्या, शेकाने पोटावर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती.

यामागचे कारण कापड नव्हे, काच आहे. गाठ रोज त्याच जागी घासते, दाबते, त्यात घाम मुरतो. आधी खाज येते, मग त्वचा काळवंडते किंवा तिचा रंग उडतो, पुढे चीर पडते. जखम भरते आणि पुन्हा उकलते. दर वेळी ती भरण्यासाठी पेशींना विभाजन करावे लागते. हे वर्षानुवर्षे चालले की पेशींच्या जनुकांत चुका साठत जातात आणि एखाद्या पेशीचा वाढीवरचा ताबा सुटतो. जुन्या व्रणात किंवा जखमेत उगवणाऱ्या अशा कर्करोगाला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन करणारे फ्रेंच शल्यचिकित्सक जाँ-निकोलस मार्जोलिन यांच्यावरून हे नाव पडले.

तुकड्याचा प्रवास

बायोप्सी म्हटले की घरात काळजी पसरते. प्रत्यक्षात त्वचेची बायोप्सी हे काही मिनिटांचे काम आहे. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने, म्हणजे ‘पंच’ने, तुकडा काढतात. मोठी जखम असेल तर काठाचा थोडा मोठा तुकडा घेतात. तो लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी कुजत नाहीत. प्रयोगशाळेत अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन तो पॅराफिन मेणात बसवतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. डोक्याचा केस याहून दहा-वीस पट जाड असतो. काप काचपट्टीवर घेऊन रंगवला, की हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी दिसतो.

निदानाची चूक अनेकदा याही आधी, दवाखान्यातच झालेली असते. जखमेच्या मधोमधचा तुकडा घेतला तर त्यात मेलेल्या पेशी आणि पू यापलीकडे फारसे काही मिळत नाही. काठाचा तुकडा पुरेसा खोल नसेल, तर पेशी खाली किती घुसल्या आहेत हे कळत नाही. सोबतच्या फॉर्मवर ‘त्वचा, बायोप्सी’ एवढेच लिहिलेले असेल, तर पाहणाऱ्याला अर्धी गोष्ट ठाऊकच नसते. जखम कुठे आहे, किती दिवसांची आहे, लुगड्याची गाठ तिथेच येते का, आधी कोणते मलम लावले होते, चट्टा बधिर आहे का, या दोन ओळींनी निदानाची दिशा बदलू शकते.

कर्करोगासारखे दिसणारे

कमरेच्या जखमेचा काप भिंगाखाली आला. बाह्यत्वचेची बोटे वेडीवाकडी खाली उतरलेली दिसतात. मध्येच केराटीनचे गोल मोती दिसतात. कर्करोग म्हणावा असेच हे चित्र आहे. पण जुनी जखम भरून काढण्याच्या धडपडीतही बाह्यत्वचा अशीच वाढते आणि त्या वाढीत कर्करोग नसतो. दोहोंतला फरक बारीक असतो. केंद्रकांचे आकार ओबडधोबड आहेत का, पेशींचे विभाजन विकृत आहे का, पेशी खोलवर किंवा मज्जातंतूभोवती शिरल्या आहेत का, हे तपासावे लागते. वरवरच्या तुकड्यात यातले काहीच ठरत नाही. मग पुन्हा, अधिक खोल आणि दोन-तीन जागांचे तुकडे मागवणे हेच प्रामाणिक उत्तर असते.

हाच घोळ बुरशी आणि क्षयही घालतात. शेतात अनवाणी चालताना काटा रुतला, त्यासोबत मातीतली बुरशी त्वचेत गेली, की वर्षा-दोन वर्षांत पायावर मोसासारखी खरखरीत वाढ होते. या रोगाला क्रोमोब्लास्टोमायकोसिस म्हणतात. काचपट्टीवर त्यातही बाह्यत्वचा कर्करोगासारखी खाली वाढलेली दिसते. पण नेटाने शोधले तर जाड कवचाच्या, तपकिरी रंगाच्या गोल बुरशीपेशी सापडतात. त्या दिसल्या तर बुरशीवरचे औषध द्यायचे, नजरेतून निसटल्या तर कर्करोगाची शस्त्रक्रिया.

बधिर चट्ट्याची परीक्षा

वऱ्हाडात काचपट्टीवरच्या निदानाची दुसरी मोठी कसोटी कुष्ठरोगाची आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, ते समाज अशा रुग्णांना गावाबाहेर काढत होता त्या काळात. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून तो कोणत्या प्रकारचा, हे अचूक ठरणे महत्त्वाचे.

रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेले पाच गटांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. एका टोकाला शरीराची प्रतिकारशक्ती जोरात असते. तिथे पेशींचे लांबट पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, मज्जातंतूंच्या वाटेने पसरतात आणि जंतू जवळपास दिसतच नाहीत. दुसऱ्या टोकाला फेसाळ दिसणाऱ्या पेशी जंतूंनी खच्चून भरलेल्या असतात आणि बाह्यत्वचेखाली एक मोकळा पट्टा राहतो. कुष्ठरोगाचे जंतू क्षयाच्या जंतूंइतके रंग धरून ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी फाइट-फराको ही सौम्य रंगपद्धत वापरतात.

त्वचेच्या क्षयातही ग्रॅन्युलोमा असतात, त्यामुळे खरा पुरावा मज्जातंतूत शोधायचा. तुकडा चरबीच्या थरापर्यंत खोल नसेल, तर तपासायला मज्जातंतूच हाती लागत नाही. शिवाय राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. रोग मात्र संपलेला नाही. रुग्ण विरळ होतात तसा डॉक्टरांचा सरावही विरळ होतो, आणि नेमका तेव्हाच एखादा रुग्ण हातून निसटतो.

तज्ज्ञही अडखळतात

सूक्ष्मदर्शकाखाली दिसले म्हणजे ते अंतिम सत्य, असा आपला समज असतो. २०१७ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात १८७ पॅथॉलॉजिस्टांना तीळ आणि मेलॅनोमा हा कर्करोग यांसारख्या रंगपेशींच्या वाढींच्या एकूण २४० स्लाइडमधून संच करून दिले होते. साध्या तिळांच्या बाबतीत तज्ज्ञ मंडळाशी त्यांचे मत ९२ टक्के वेळा जुळले. खोल गेलेल्या मेलॅनोमाबाबत हे प्रमाण ७२ टक्के होते. मधल्या, संशयास्पद गटांत मात्र ते २५ ते ४३ टक्क्यांवर घसरले. किमान आठ महिन्यांनी त्यांतल्या अनेक डॉक्टरांना त्याच स्लाइड पुन्हा दिल्या, तेव्हा यांतल्या एका गटात स्वतःचेच आधीचे उत्तर त्यांनी जेमतेम ३५ टक्के वेळा दिले. आपल्याकडे मेलॅनोमा कमी आढळतो, पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली होतो आणि काट्याची जुनी जखम म्हणून दुर्लक्षिला जातो.

नजर शिकते म्हणजे नेमके काय होते, यावर एक गमतीशीर प्रयोग २०१५ मध्ये अमेरिकेत झाला. संशोधकांनी कबुतरांना स्तनाच्या कर्करोगाच्या स्लाइडची चित्रे दाखवली आणि बरोबर ओळखल्यावर दाणे दिले. दोन आठवड्यांत कबुतरे सुमारे ८५ टक्के अचूकतेने कर्करोग ओळखू लागली आणि नव्या चित्रांवरही त्यांची नजर चालली. पण मॅमोग्राममधल्या गाठी ओळखायला लावल्या, तेव्हा त्यांनी जुनी चित्रे पाठ केली आणि नवी दिसताच गोंधळली. नुसती पुनरावृत्ती पाठांतरापर्यंत नेते. नवे प्रकरण ओळखण्यासाठी विविध उदाहरणे, तात्काळ मिळणारे खरे उत्तर आणि ते तसे का, याची चर्चा लागते.

तीस पॉइंटांपलीकडे

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी परिषदा, कार्यशाळा, व्याख्याने होतात. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात पन्नास स्लाइडचे सादरीकरण, प्रमाणपत्र आणि जेवण असे स्वरूप असेल तर पॉइंट मिळतात, नजर घडत नाही.

त्वचेच्या पॅथॉलॉजीत उपयोगी पडतो तो जुनाच प्रकार, स्लाइड सेमिनार. रुग्णाची थोडक्यात माहिती आणि स्लाइड आधी पाठवायच्या. प्रत्येकाने आपले निदान लिहून द्यायचे. मग सगळ्यांसमोर एकेक स्लाइड उलगडायची. कोण कुठे फसला आणि का, यावर बोलायचे. या चर्चेत त्वचारोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट शेजारी बसलेले हवेत. पहिल्याने चट्टा पाहिलेला असतो, दुसऱ्याने पेशी, आणि निदान दोघांचे मिळून होते.

अमेरिकी डॉक्टर बर्नार्ड अ‍ॅकरमन यांनी १९७८ मधल्या आपल्या ग्रंथात दाहजन्य त्वचारोगांची नऊ मूलभूत नमुन्यांत मांडणी करून शिकण्याची वाटच बदलली. आधी सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने पूर्ण काप पाहा, दाह कुठल्या थरात आणि कसा पसरला आहे ते ठरवा, मगच पेशींकडे जा, असा त्यांचा आग्रह होता. कपाशीचा जाणता शेतकरी आधी बांधावरून सगळे शेत न्याहाळतो, मगच बोंड उकलून अळी शोधतो, तशी ही रीत आहे. मोबाइलवर पाठवलेल्या एका फोटोत नेमके हे हरवते, कारण त्यात बोंड दिसते, शेत दिसत नाही. अख्खा काप स्कॅन करून डिजिटल स्लाइड तयार केली तर अकोल्यातला पॅथॉलॉजिस्ट आणि मुंबईतला तज्ज्ञ एकाच वेळी तीच स्लाइड वर-खाली सरकवून पाहू शकतात. जिल्ह्याच्या गावासाठी ही मोठी सोय आहे.

तिची गरजही वाढली आहे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथेही शासकीय महाविद्यालये आली. म्हणजे या भागातच उद्याचे शेकडो डॉक्टर घडणार आहेत. त्यांना शिकवायला वऱ्हाडातल्याच रुग्णांच्या स्लाइड हव्यात. कमरेचा काच, शेतातली बुरशी, बधिर चट्टे, तळपायाच्या वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा यांचा जपून ठेवलेला संग्रह परदेशी पुस्तकापेक्षा जास्त शिकवील. महाविद्यालये, खासगी प्रयोगशाळा आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी मिळून असा संग्रह उभारणे अवघड नाही.

वाचकांच्या हातातही काही गोष्टी आहेत. घरात नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर त्यांच्या कमरेकडे एकदा नजर टाका. काळा पट्टा, खाज किंवा चीर दिसली तर गाठ सैल करा, तिची जागा बदला, बारीक नाड्याऐवजी रुंद पट्टी वापरा. दीड-दोन महिन्यांत न भरणारी कोणतीही जखम, बधिर चट्टा, तळपायावरचा वाढता काळा डाग यांवर मनाने मलमे लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बायोप्सी सांगितली तर घाबरू नका आणि फॉर्मवर पूर्ण माहिती लिहिली आहे ना, हे विचारा. रिपोर्ट जपून ठेवा. मेणाचा ठोकळा आणि स्लाइड प्रयोगशाळेत असतात. शंका वाटली तर त्या मागून दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यात संकोच करू नका. चांगला पॅथॉलॉजिस्ट त्याचा राग मानत नाही, कारण अवघड स्लाइडवर तो स्वतःही दुसऱ्याचे मत घेत असतो.