अर्नाळा बेट

अर्नाळा बेट हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, वैतरणा नदीच्या मुखाशी असलेले एक लहान बेट आहे. बेटावरील जलदुर्गामुळे ते 'जंजिरे अर्नाळा' या नावानेही ओळखले जाते. बेटावर प्रामुख्याने कोळी समाजाची वस्ती असून गावाचे नावच 'अर्नाळा किल्ला' असे आहे. मुख्य भूमीवरील अर्नाळा गाव आणि बेट यांच्यामध्ये एक किलोमीटरपेक्षाही कमी रुंदीचा समुद्र आहे. त्यावर पूल नसल्याने ये-जा केवळ होडीने होते. पर्यटकांसाठी हा काही मिनिटांचा जलप्रवास एका दिवसाच्या सहलीचा भाग असतो. बेटावरील रहिवाशांसाठी मात्र महाविद्यालय, मोठे रुग्णालय आणि बाजार गाठण्याचा तोच एकमेव मार्ग आहे.

== पोहोचण्याचा मार्ग ==

पश्चिम रेल्वेवरील विरार हे सर्वांत सोयीचे स्थानक आहे. विरार पश्चिमेकडून अर्नाळा गावापर्यंत बस व रिक्षा मिळतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातून, म्हणजे मुरबे, सातपाटी, बोईसर किंवा तारापूरकडून येणाऱ्यांना पालघर वा बोईसर येथून डहाणू–विरार लोकलने विरारला उतरता येते. ही गावे आणि अर्नाळा एकाच किनाऱ्यावर असली तरी मध्ये वैतरणेचे विस्तीर्ण पात्र आडवे येते. रस्त्याने त्याला मोठा वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये सफाळ्याजवळील जलसार आणि विरारजवळील मारंबळपाडा यांच्यामध्ये रो-रो फेरीबोट सुरू झाल्यामुळे वाहनासह प्रवास करणाऱ्यांचा हा वळसा वाचतो.

== होडीसेवा आणि भरती-ओहोटी ==

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून प्रवासी होड्या सुटतात. येथील किनारा उथळ व वाळूचा असल्याने होडी किनाऱ्याला थेट लागत नाही. वर्षानुवर्षे प्रवासी गुडघाभर, कधी कमरेइतक्या पाण्यातून चालत जाऊन होडीत चढत आले आहेत. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया आणि रुग्ण यांच्या दृष्टीने अंतर नव्हे, तर हे चढणे-उतरणेच या प्रवासातील सर्वांत अवघड काम ठरते.

होडी कोठे लागेल आणि किती पाण्यातून चालावे लागेल हे भरती-ओहोटीवर अवलंबून असते. दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई व उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत आहे: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीला ८ × ¾ = ६, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. या अंदाजात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. त्या दिवशी उधाण असल्याने पाणी जितके वर चढते, तितकेच सायंकाळी दूरवर ओसरते. परतीची होडी सायंकाळवर ढकलणाऱ्यांची म्हणूनच चिखल-वाळूतून बरीच पायपीट होते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, हा चढउतार कमी असतो.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. बेटावरील लोकांना मात्र या काळातही ये-जा करावीच लागते. सहलीसाठी ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ घारापुरीकडे निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट आणि नौदलाची वेगवान बोट यांची धडक होऊन जीवितहानी झाली. त्यानंतर प्रवासी बोटींतील जीवरक्षक जाकिटांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. अंतर कमी आहे म्हणून जाकीट टाळण्यास काहीच आधार नाही.

== इतिहास ==

वैतरणेच्या मुखावर नजर ठेवता येते, हेच या बेटाचे महत्त्व. तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, दातिवरे आणि वसई या किनारी दुर्गांच्या साखळीत अर्नाळा मोडतो. येथे पहिला कोट गुजरातच्या सुलतानांच्या काळात उभा राहिला. तो १५१६ मध्ये महमूद बेगड्याने बांधला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु बेगड्याचा मृत्यू १५११ मध्येच झाला असल्याने हे वर्ष आणि हे नाव एकत्र जुळत नाहीत. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगिजांकडे गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत ते जिंकले आणि किल्ला नव्याने बांधला. मुख्य दरवाजावरील देवनागरी शिलालेखात बाजीरावाने शंकर यास, पाश्चात्त्यांचा पाडाव करून समुद्रात जंजिरा उभारण्याची आज्ञा दिल्याचा उल्लेख आहे. हा शंकर म्हणजे शंकराजी केशव फडके असे मानले जाते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८१ मध्ये, किल्ला इंग्रजांनी घेतला. सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांना परत मिळाला आणि तिसऱ्या युद्धात कायमचा इंग्रजांकडे गेला.

भारतीय नौदलात १८ जून २०२५ रोजी दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला या किल्ल्यावरून 'आयएनएस अर्नाळा' हे नाव देण्यात आले आहे.

== पाहण्यासारखी स्थळे ==

किल्ला साधारण चौकोनी असून मुख्य दरवाजा उत्तरेस आहे. दरवाजावर प्राण्यांची शिल्पे आहेत. आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर, अष्टकोनी तळे आणि दर्गा आहे. चारही बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी असणे, हीच जलदुर्गाची खरी ताकद असे. तटावरून फिरता येते. मुख्य किल्ल्यापासून अलग, बेटाच्या दक्षिण भागात एक गोल टेहळणी बुरूज उभा आहे. बरेच पर्यटक तो न पाहताच परततात. बेटावर कालिकामातेचे मंदिरही आहे.

किल्ल्याकडे जाणारी वाट वस्तीतून जाते. वाटेत जाळी विणण्याचे, मासळी वाळत घालण्याचे काम चाललेले असते. वाळत घातलेली मासळी तुडवू नये आणि लोकांची छायाचित्रे विचारून घ्यावीत.

== किनाऱ्याची धूप ==

बेटाच्या किनाऱ्याची धूप हा रहिवाशांपुढील गंभीर प्रश्न आहे. उधाणाच्या लाटांनी किनाऱ्यालगतच्या घरांचे वेळोवेळी नुकसान झाले असून धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी बेटावरून सातत्याने होत आली आहे. बेट लहान असल्याने समुद्राने घेतलेल्या जागेच्या बदल्यात मागे सरकायला फारशी जमीन उरत नाही.