जुन्या कॅमेऱ्यांचे दप्तर

छायाचित्रणाच्या यंत्रांशी महाराष्ट्राचा ऋणानुबंध फार जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. सावे दादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी विलायतेहून मागविलेल्या कॅमेऱ्याने १८९९ साली हँगिंग गार्डन्समधील कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर परदेशी यंत्रावर विसंबून न राहता स्वतःच कॅमेरा घडविला. हा इतिहास ग्रंथांतरी नमूद झालेला आहे. सामान्य गृहस्थाने पगारातून पै-पैसा बाजूला काढून घेतलेल्या कॅमेऱ्याची नोंद मात्र कोणाच्याच दप्तरी नाही, आणि ती करण्याचे काम छांदिष्ट संग्राहकाखेरीज दुसरा कोणी अंगावर घेईल असे मला वाटत नाही.

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही या छंदाची प्रसिद्ध ठाणी होत. परंतु पौड रस्त्याने पिरंगुटास येऊन उरवड्याकडे वळले असता लागणाऱ्या मुळशीच्या गावांनाही संग्राहकाने आपल्या हिशेबातून वगळू नये. या तालुक्यातील माणसे डबे पोचविण्याच्या व अन्य चाकरीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस राहिली, आणि शहरातून गावी आलेल्या ट्रंकांत काय काय असेल याचा अदमास बाहेरून करता येत नाही. अशा घरात कॅमेरा निघालाच तर तो आगफा क्लिक थ्री असण्याचा संभव मोठा. काळ्या प्लॅस्टिकचा, एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे देणारा हा साधा कॅमेरा बडोद्यास तयार होत असे, आणि बाजारात त्याला फारशी किंमत नसली तरी आपल्याकडील कित्येक कुटुंबांच्या लग्नामुंजींचा तोच एकमेव साक्षीदार असल्याने माझ्या मते संग्रहात त्याला मानाचे स्थान मिळाले पाहिजे.

ओळखीचा आरंभ फिल्मच्या मापापासून करावा. कोडॅकचा १२० क्रमांकाचा रोल १९०१ साली आला, १२७ चा १९१२ साली आणि ६२० चा १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी. सबब ६२० चा रोल मागणारा कॅमेरा आजोबांनी पहिल्या महायुद्धात आणला होता, ही घरातील आख्यायिका कितीही गोड असली तरी ग्राह्य धरता येत नाही. नंतर शटरभोवतीच्या कड्यावरील आकडे वाचावेत. १/२५, १/५०, १/१०० हा जुना क्रम होय. १/३०, १/६०, १/१२५ हा क्रम १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. भिंग तिरपे धरल्यावर निळसर-जांभळी झाक दिसली, तर त्यावर परावर्तन रोखणारा लेप आहे असे समजावे. झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केलेली ही युक्ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे असलेले यंत्र तर आपली जन्मपत्रिकाच अंगावर वागवीत असते, कारण जपानवरील दोस्त राष्ट्रांचा अंमल १९५२ साली संपला. कोडॅकने १९४० नंतर आपल्या अनेक भिंगांवर क्रमांकाच्या आधी दोन अक्षरे कोरली. सी, ए, एम, ई, आर, ओ, एस, आय, टी, वाय ही अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि ० या अंकांच्या जागी धरावीत, म्हणजे ‘ई ओ’ असे अक्षरयुग्म असलेले भिंग १९४६ सालचे ठरते.

सर्वांत अधिक सावधगिरी लायकाच्या बाबतीत बाळगली पाहिजे. १९२५ साली बाजारात आलेल्या या जर्मन कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल सोव्हिएत रशियाने १९३४ पासून फेड व १९४८ पासून झोर्की या नावांनी केली, आणि पुढे लबाड व्यापाऱ्यांनी त्याच नकलांवर लायकाचे नाव कोरून, वर सोन्याचा मुलामाही देऊन त्या खऱ्या म्हणून खपविल्या. नाव व क्रमांक हा येथे पुरावा होऊ शकत नाही. भिंग फिरवून काढावे व आतील वरच्या बाजूस पाहावे: अंतरमापकाला हलविणाऱ्या दांडीच्या टोकाशी अस्सल लायकात एक लहानशी गोल, फिरणारी चकती असते, फेड आणि झोर्कीत त्या जागी पाचरीसारखा सलग धातूचा तुकडा असतो. विक्रेत्याने भिंग काढू देण्यास नकार दिला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

मुंबईचे दिलीश पारेख यांच्या संग्रहातील ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीज बुकात झाली, आणि त्या साक्षेपाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि नवशिक्याने संख्येच्या मागे लागू नये. दहाच कॅमेरे असावेत, पण प्रत्येकाचे नाव, कारखाना, अदमासे साल, फिल्मचे माप आणि पूर्वीच्या मालकाची हकीकत वहीत दाखल असावी.

मुळशीत राहणाऱ्या संग्राहकाचा खरा वैरी पाऊस आहे. आषाढ-श्रावणात येथील भिंती पाझरतात, कपाटातील कपड्यांना वास येतो, आणि त्याच दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीचे तंतू पसरतात. शटर कड्यावरील ‘बी’ या खुणेवर लावून, कळ दाबून उघडे धरले आणि मागून विजेरीचा प्रकाश पाडला की ते स्पष्ट दिसतात. आरंभी जाणकार कारागीर ते पुसून काढू शकतो. लेप वा काच खाल्ली गेली की इलाज उरत नाही. कातडी पेटी ओल धरते, म्हणून कॅमेरा कधीही तिच्यात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी, आणि अधूनमधून बाहेर काढून शटर चालवीत जावे.

या दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर एखादा कॅमेरा हाती लागला, तर वाचकांनी तो भंगारवाल्यास देण्याची घाई करू नये, आणि कुतूहलापोटी त्याची पाठही उघडू नये. आत अर्धवट वापरलेला रोल असल्यास प्रकाश लागून त्यावरील चित्रे कायमची नष्ट होतील. पाठीवर लाल काचेची खिडकी असल्यास तीतून रोलचा आकडा दिसतो का ते पाहावे, आणि दिसल्यास कॅमेरा तसाच जाणकाराकडे न्यावा. मग घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून तो कोणी, कोठे व कोणत्या कार्यासाठी घेतला हे विचारावे, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून, ती चिठ्ठी कॅमेऱ्याबरोबर ठेवावी.