वनस्पतिप्रधान आहार: एक खुलासा

वनस्पतिप्रधान आहार म्हणजे ताटातील मोठा हिस्सा डाळी, कडधान्ये, भाज्या व धान्ये यांच्याकडे क्रमाक्रमाने सोपविणे. मांसाहाराचा संपूर्ण त्याग त्यात अनिवार्य नाही. चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रापाशी हजर झाल्यावाचून पहिल्याने जागा सोडू नये, तद्वत चाळिशीनंतर, जेव्हा स्नायूंचा ऱ्हास हळूहळू सुरू झालेला असतो, तेव्हा रविवारचे मटण कमी करण्यापूर्वी मटकीची उसळ रोजच्या जेवणात रुजू झाली पाहिजे. मोशीच्या उपबाजारातून पालकाच्या जुड्या आणल्या की प्रथिनांची (शरीर घडविणाऱ्या घटकांची) तजवीज झाली, हा समज मात्र दुरुस्त करावा: शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात, तेवढ्याच पालकात जेमतेम दोन-तीन. ब-१२ जीवनसत्त्वासाठी दूध, दही वा अंडी ठेवावीत. तीही सोडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.